बालाघाटची जिल्हा योजना समिती: नागरिकांनी पडताळणी पथक बनवायचं तर कसं?

बालाघाट जिल्ह्यात कुठल्या गावाचा रस्ता आधी होणार, कुठल्या तलावाची पाळ दुरुस्त होणार, शाळेची नवी खोली कुणाच्या वाट्याला येणार, याचा आराखडा जिल्हा योजना समितीनं बनवायचा असतो. ही समिती कलेक्टरांच्या मर्जीवरची नाही की मंत्र्यांच्या कृपेवरची नाही. ती भारताच्या घटनेत लिहिलेली आहे. तरी आपल्या जनपदातून या समितीवर कोण गेलं आहे, शेवटची बैठक कधी झाली आणि त्यात काय मंजूर झालं, असं विचारलं तर निवडून आलेले लोकसुद्धा डोकं खाजवतात.

नदीपलीकडे, गोंदियात, 'डीपीडीसी' हा शब्द चहाच्या टपरीवरही माहीत आहे. पालकमंत्री आले, बैठक झाली, इतके कोटी मंजूर, अशी बातमी दरवर्षी छापून येते. त्यातला पैसा नीट खर्च होतो का, हा वेगळा प्रश्न. पण निदान वाद घालायला एक आकडा असतो. बाघ नदीचा पूल ओलांडून राजेगावात आलं की तो आकडाच हरवतो.

त्यामुळे 'नागरिकांनी मिळून या समितीच्या कामाची पडताळणी करावी' असं कुणी म्हटलं, तर ती काही क्रांती नाही. कायद्यात त्याला पुरेशी जागा आहे. ती कुठे आहे, पथकात कोण असावं, कागद कुठून मिळवायचे आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातं, याची माहिती इथे देत आहोत.

समिती आहे तरी काय?

७४ व्या घटनादुरुस्तीनं घटनेत कलम २४३ झेडडी आलं. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असलीच पाहिजे. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे. ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात या जागा वाटायच्या. २०११ च्या जनगणनेत बालाघाटची लोकसंख्या १७,०१,६९८ होती आणि त्यातली बहुसंख्य खेड्यांत राहते. म्हणजे या समितीवर खेड्यांचाच वरचष्मा असायला हवा.

मध्यप्रदेशात यासाठी १९९५ चा जिल्हा योजना समिती अधिनियम आहे. अध्यक्ष जिल्ह्याचे प्रभारी मंत्री आणि सचिव कलेक्टर. महाराष्ट्रानं तसाच कायदा १९९८ मध्ये केला, तिथे पालकमंत्री अध्यक्ष असतात. दोन्हीकडे रचना सारखीच: बहुमत निवडून आलेल्यांचं, पण बैठक कधी बोलवायची आणि विषयपत्रिकेत काय घालायचं, हे मात्र मंत्री आणि कलेक्टरांच्या हातात.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या, कारण बऱ्याच तक्रारी इथेच चुकीच्या दारावर जातात. घटनेप्रमाणे या समितीनं पंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा बनवायचा असतो आणि अध्यक्षांनी तो राज्य सरकारकडे पाठवायचा असतो. ठेकेदाराचं बिल समिती काढत नाही. रस्ता खराब झाला म्हणून योजना समितीला धरता येणार नाही. पण तो रस्ता गावाच्या ठरावात नसताना मसुद्यात कसा आला, हे तिला विचारता येतं. मसुदा बनवताना पाण्याची वाटणी, नैसर्गिक साधनं, जमिनीच्या वापराची आखणी आणि पर्यावरण यांचा विचार केलाच पाहिजे, असंही कलम सांगतं. वैनगंगा, बावनथडी आणि बाघ या तीन नद्यांच्या जिल्ह्यात हे वाक्य फार कामाचं आहे.

मध्यप्रदेशात एके काळी या समितीला खरोखर वजन होतं. १९९९ मध्ये दिग्विजय सिंह यांच्या सरकारनं 'जिल्हा सरकार' नावाचा प्रयोग केला. भोपाळचे बरेच अधिकार योजना समितीकडे आले. टीका तेव्हाही झाली की सत्ता पंचायतीकडे न जाता प्रभारी मंत्र्याच्या टेबलावर जमा झाली, आणि त्या टीकेत तथ्य होतं. २००३ च्या सत्ताबदलानंतर तो प्रयोग मागे पडला.

नंतर २००६-०७ मध्ये केंद्राचा मागास क्षेत्र अनुदान निधी आला. देशातल्या २५० जिल्ह्यांत इकडचा बालाघाट होता आणि तिकडचा गोंदिया, भंडाराही होता. त्या निधीची अट साधी होती: योजना गावातून यावी आणि जिल्हा योजना समितीनं ती मंजूर करावी. २०१५ मध्ये निधी बंद झाला. पण त्या काळात बनलेल्या जिल्हा योजना कार्यालयात कुठेतरी असायला हव्यात. पडताळणी करणाऱ्याला तुलनेसाठी याहून चांगला पाया मिळणार नाही.

दुसरी थैली विसरू नका

बालाघाटच्या बाबतीत फक्त योजना समिती तपासली तर अर्धाच हिशेब होतो. मलाजखंडचं तांबं, भरवेली, उकवा आणि तिरोडीचं मँगनीज यांच्यामुळे इथे जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे वेगळा पैसा जमा होतो. २०१५ मध्ये खाण कायद्यात कलम ९ ब घालून ही प्रतिष्ठानं झाली. १२ जानेवारी २०१५ च्या आधी दिलेल्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावातून दिलेल्यांवर १० टक्के रक्कम त्यात येते. हा पैसा खाणीमुळे ज्यांचं पाणी, शेती, तब्येत बिघडली त्यांच्यासाठी आहे. केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत किमान ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर लावायला सांगितलं होतं.

आता एकाच गावात एक टाकी योजनेतून, दुसरी खनिज निधीतून आणि तिसरी आमदार निधीतून, असं झालं का? आणि बिरसा भागातल्या एखाद्या टोल्यावर तिन्हीतून काहीच नाही, असं झालं का? दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही. सरकारी कार्यालयं त्या शेजारी ठेवत नाहीत, कारण दोन्ही फायली वेगळ्या कपाटात असतात. नागरिकांच्या पथकानं एवढं एकच काम केलं तरी पुष्कळ.

बैहर तहसील अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे पेसा कायदा लागू होतो आणि मध्यप्रदेशाचे पेसा नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून आहेत. गौण खनिज, जलस्रोत, जमीन या विषयांत तिथल्या ग्रामसभेचं म्हणणं सल्ल्यापुरतं राहत नाही. बैगा आणि गोंड गावांतून पथकात माणूस घ्यायचा तो शोभेसाठी नव्हे, या अधिकारासाठी.

महाकोशल विकास प्राधिकरणाचंही नाव अधूनमधून ऐकू येतं. ती घटनेतली संस्था नाही, त्यामुळे वरचे निकष तिला लावता येत नाहीत. ती बाजूला ठेवा. बालाघाट शहराचा विकास आराखडाही वेगळा विषय आहे. तो १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली बनतो आणि त्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा हरकत त्या वेळीच नोंदवायची.

गोव्यानं करून पाहिलं, त्याचं काय झालं

नागरिकांनी प्रादेशिक नियोजन थेट हातात घेतल्याचं आपल्या भागाला जवळचं उदाहरण म्हणजे गोवा. २००६ मध्ये तिथे 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित झाला. त्यात शेतं, डोंगर, बागायती यांचे मोठे पट्टे बांधकामासाठी मोकळे केल्याचं लोकांच्या लक्षात आलं. डिसेंबर २००६ मध्ये 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं, निमंत्रक डॉ. ऑस्कर रिबेलो. या मंडळींनी घोषणांआधी नकाशे हातात घेतले. जुना नकाशा आणि नवा नकाशा, सर्व्हे नंबर घेऊन शेजारी ठेवले. आपलं शेत रंग बदलून 'वसाहत' झालेलं गावकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुढचं भाषण करावं लागत नाही. २६ जानेवारी २००७ ला मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांना आराखडा मागे घेण्याची घोषणा करावी लागली.

पुढचा भाग जास्त शिकण्यासारखा आहे. सरकारनं नव्या आराखड्यासाठी कृती दल नेमलं. अध्यक्ष मुख्यमंत्री, उपाध्यक्ष प्रख्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, सोबत एडगर रिबेरो यांच्यासारखे जाणकार. २००८ मध्ये 'आराखडा २०२१' चा मसुदा आला आणि तो पंचायतींकडे पाठवला गेला. गावांनी आपापल्या नकाशावर शेरे मारले. टेकड्या, खाजण जमिनी, जंगल यांना संरक्षणाचे वर्ग मिळाले. २०११ पर्यंत तालुक्यांच्या अधिसूचना निघाल्या. पण अंतिम नकाशात आपल्या शेऱ्यांपेक्षा वेगळं काही घुसलं, अशा तक्रारी गावांतून आल्या. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं आराखडा स्थगित ठेवला.

म्हणजे पाच वर्षांची मेहनत. वाया गेली असं म्हणता येणार नाही, पण लोकांच्या हातात राहिलीही नाही. माझ्या मते फरक इथे पडला: बाहेरचं अभियान कागद तपासत होतं तोवर सरकारला उत्तर द्यावं लागत होतं. कामाचा केंद्रबिंदू सरकारी दलात सरकल्यावर शेवटची सही पुन्हा मंत्रालयाकडे गेली. बालाघाटात उद्या प्रशासनानं 'या, तुम्हालाच समितीत विशेष आमंत्रित करतो' असं म्हटलं, तर जायला हरकत नाही. पण पथक त्यात विसर्जित करू नये.

विदर्भाचा अनुभव दुसऱ्या बाजूनं उपयोगी आहे. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये मोजला गेला, त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता. मोजण्याची पद्धत चुकली असं म्हणणारे होते, आजही आहेत. पण त्या एका आकड्यावर पुढची कित्येक वर्षं विधिमंडळात भांडता आलं, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ झालं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. १९५६ पर्यंत नागपूर ही बालाघाटचीही राजधानी होती. राज्याची रेषा मारली गेली, पलीकडच्यांचा अनुशेष मोजला गेला. आपला तसा कुणी मोजलाच नाही.

पथकात कोण हवं

अकरा ते पंधरा माणसं पुरेत. पन्नास जणांची समिती फक्त फोटोला चांगली दिसते. जिल्ह्यात दहा जनपद आहेत: बालाघाट, वारासिवनी, खैरलांजी, कटंगी, लालबर्रा, किरनापूर, लांजी, बैहर, परसवाडा, बिरसा. प्रत्येकातून एक माणूस, आणि वर कामाची चार-पाच: हिशेब वाचता येणारा, निवृत्त उपयंत्री किंवा पटवारी, कायदा जाणणारा वकील, संगणकावर यादी लावणारी एखादी मुलगी. केरळात १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत निवृत्त अभियंते, अधिकारी, शिक्षक यांची स्वयंसेवी तांत्रिक दलं उभी केली होती आणि त्यांनी पंचायतींच्या योजना तपासून दिल्या. वारासिवनीत, कटंगीत निवृत्त मास्तर आणि बाबू कमी नाहीत. संध्याकाळी पारावर बसून सरकारला शिव्या देण्यापेक्षा त्यांना हे काम नक्की आवडेल.

कोण नको, हे जास्त महत्त्वाचं. पंचायतीत ठेका घेणारा किंवा ज्याचा भाऊ ठेका घेतो तो नको. पुढच्या निवडणुकीचा फलक छापून ठेवलेला नको. पत्रकारानं बाहेरून बातमी द्यावी, सदस्य होऊ नये. आणि महिला एकदोन 'घेतल्या' असं नको. २०११ च्या जनगणनेत बालाघाटात दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वात जास्त. रोजगारासाठी पुरुष नागपूर, रायपूरला जातात, गावात पाण्याची टाकी चालू आहे की बंद हे घरच्या बाईलाच माहीत असतं.

पथकाची नोंदणी करण्याची गरज नाही. मात्र माहिती अधिकार हा नागरिकाचा अधिकार आहे, संस्थेचा नाही, म्हणून अर्ज पथकाच्या नावानं न देता एखाद्या सदस्याच्या नावानं द्यावा. 'अध्यक्ष, अमुक समिती' अशी सही केली की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं.

कागद कसे मिळवायचे

अर्ज हिंदीत लिहा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे. घरी आपण मराठी बोलतो, पोवारी बोलतो, पण बालाघाटच्या कलेक्टोरेटमध्ये मराठी अर्ज अडकू शकतो. उलट बावनथडीचे कागद भंडाऱ्यातून मागायचे तर अर्ज मराठीत चालतो, पण महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. दोन्हीकडे अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

पहिल्या अर्जात चारच गोष्टी मागा: योजना समितीच्या सदस्यांची यादी आणि ते कसे निवडले गेले याचा कागद, मागच्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा, उपस्थिती आणि कार्यवृत्त, राज्याकडे पाठवलेल्या जिल्हा योजनेची प्रत, खनिज प्रतिष्ठानातून मंजूर कामांची गाववार यादी. 'सगळी माहिती द्या' असा अर्ज कधी करू नये. त्याला उत्तरही 'माहिती विस्तृत आहे' असंच येतं. फाईल जाडजूड असेल तर प्रत न मागता अवलोकन मागा. कार्यालयात बसून फाईल पाहण्याचा हक्क कायद्याच्या कलम २ मध्येच आहे. दोघांनी जावं, एकानं वाचावं, एकानं लिहावं.

काही गोष्टींसाठी अर्जही लागत नाही. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर टाकलेले असतात. गावाचं नाव निवडा, वर्ष निवडा, यादी समोर.

खरी पडताळणी

दहा जनपदांतून प्रत्येकी एक पंचायत निवडा. चिठ्ठ्या टाकून निवडा, नाहीतर प्रत्येकजण आपलंच गाव सुचवेल. त्या पंचायतीच्या ग्रामसभेनं मागितलेली कामं एका रकान्यात, पंचायतीच्या आराखड्यात आलेली दुसऱ्यात, जिल्हा योजनेत पोहोचलेली तिसऱ्यात, जमिनीवर झालेली चौथ्यात. कुठल्या रकान्यापासून यादी गळायला लागते ते पाहा. पहिल्याच रकान्यात काही नसेल, ग्रामसभा रजिस्टरवरच झाली असेल, तर दोष कलेक्टोरेटचा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि पहिल्या रकान्यात नसलेलं काम एकदम तिसऱ्यात उगवलं असेल, तर ते कुणी सुचवलं याचं नाव कार्यवृत्तात शोधा.

सीमेच्या गावांसाठी एक जादा रकाना ठेवावा: पलीकडे काय आहे. बावनथडीचा राजीव सागर प्रकल्प दोन राज्यांचा आहे, त्याचे कालवे दोन्हीकडे जातात. रजेगाव, किरनापूरचा माणूस आजारी पडला की गोंदिया गाठतो. योजनेचा नकाशा मात्र नदीपाशी संपतो, जणू पलीकडे समुद्र आहे. पाणी सोडण्याच्या वेळा आणि सीमेवरचे जोडरस्ते या विषयांवर दोन जिल्ह्यांच्या योजना समित्यांनी एकदा तरी एकत्र बसावं, हा प्रस्ताव पथक मांडू शकतं. कायद्यात त्याला कुठे मनाई नाही.

निष्कर्ष जाहीर करताना एक जुनी पद्धत अजूनही सर्वात चांगली. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं कोटकिराना गावात लोकांसमोर मस्टर रोल वाचून दाखवले. ज्याचं नाव मजुरीत लिहिलं होतं तो समोर बसलेला होता आणि त्याला पैसे मिळालेच नव्हते. तिलाच जनसुनवाई म्हणतात. आपल्याकडे दर मंगळवारी कलेक्टोरेटमध्ये होते ती जनसुनवाई वेगळी, तिथे लोक आवेदन घेऊन रांगेत उभे राहतात. पथकाची सुनवाई गावात व्हावी, यादी मोठ्यानं वाचावी, सरपंच-सचिवांना आधी लेखी बोलवावं आणि त्यांचं म्हणणंही तसंच मोठ्यानं वाचावं. चूक कबूल केलेल्या सचिवाला गावासमोर झोडपू नये. पुढच्या गावचा सचिव मग दारच उघडणार नाही.

मुदत सहा महिने ठेवा. मध्यप्रदेशात ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कच्ची यादी वाचता येते, दुरुस्त्या घेता येतात आणि २ ऑक्टोबरला पक्का अहवाल ठरावासह मांडता येतो. त्या ठरावाची एक प्रत मंगळवारी कलेक्टोरेटमध्ये द्यावी, एक प्रभारी मंत्र्यांना, एक जनपदच्या मुख्य कार्यपालन अधिकाऱ्यांना. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.